मत मिळालं, माती बाकी

स्वातंत्र्याच्या आधी डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वारल्याचं लग्न जमीनदाराच्या ओट्यावर ठरायचं. मुलगी घरचे बघायचे. पण मुलीच्या बापाला द्यायचं देज, मांडवाखालच्या माणसांचं जेवण, ताडी आणि लुगडी यांसाठी लागणारे शंभर-दोनशे रुपये घरात कुठून असणार? ते जमीनदार द्यायचा, आणि त्या दिवसापासून नवरामुलगा त्याचा 'लग्नगडी' व्हायचा. मजुरी नाही, मुदत नाही, कर्ज किती फिटलं याचा कागद नाही. बाप मेला तर मुलगा त्याच दावणीला.

'गडी' म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो. कर्ज त्याच्या नावावर, अंगठा त्याचा. पण गोठ्यातलं शेण काढायला, भात कांडायला, लावणीला आणि कापणीला त्याची बायकोही त्याच कर्जापोटी राबायची. तिने अंगठा दिलेला नव्हता, तिला कुणी विचारलंही नव्हतं. आणि तिच्या बाबतीत मालकाची वसुली श्रमावर थांबत नसे. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी करून १९३९ साली जो अहवाल दिला, त्यात वेठबिगारीबरोबर बायकांवरच्या अत्याचारांचीही नोंद आहे. सरकारी अहवालाची भाषा थंड असते, तरीही तो वाचताना अंगावर काटा येतो.

अमेरिकेतल्या स्त्रियांच्या समान हक्कांचा इतिहास वाचताना मला हा लग्नगडी वारंवार आठवत राहिला. तो इतिहास बहुधा जुलै १८४८ मधल्या सेनेका फॉल्सच्या परिषदेपासून सांगतात. न्यूयॉर्क राज्यातलं छोटं गाव, जमलेली सुमारे तीनशे माणसं, एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी लिहिलेला जाहीरनामा आणि त्यावर शंभर सह्या. पण मालमत्तेचा धागा धरला तर नऊ वर्षं मागे, मिसिसिपी राज्यात जावं लागतं. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवू देणारा तिथला पहिला ठळक कायदा १८३९ चा. वाचून बरं वाटतं, पण ते फार टिकत नाही. त्या कायद्याची बहुतेक कलमं बाईच्या मालकीच्या गुलामांबद्दल आहेत. नवरा कर्जबाजारी झाला तरी बायकोचे गुलाम सावकाराने उचलून नेऊ नयेत, ही त्यामागची काळजी. म्हणजे एका बाईला हक्क मिळाला तो दुसऱ्या बाईच्या मालकीचा.

याच्याही मागे एक खटला आहे, आणि डहाणूच्या वाचकासाठी तो जास्त मोलाचा. बेट्सी लव्ह नावाची चिकासॉ जमातीची, म्हणजे तिथली आदिवासी, बाई. तिच्या नवऱ्याच्या देण्यापोटी एका धनकोने तिच्या घरातला एक गुलाम जप्त करायला घेतला. १८३७ साली मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की हे लग्न चिकासॉ रिवाजाने झालं आहे, त्या रिवाजात बायकोची मालमत्ता तिची स्वतःची असते, म्हणून नवऱ्याच्या कर्जासाठी ती घेता येणार नाही. इंग्रजी कायद्यात गोऱ्या बाईला जे नव्हतं, ते आदिवासी रिवाजात आदिवासी बाईला होतं. प्रकरण गुलामाचं होतं, ही त्यातली काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. पण 'रिवाज' म्हटलं की बाईच्या विरोधातलंच काही असणार, अशी आपली जी समजूत असते तिला इथे तडा जातो. सेनेका फॉल्सच्या परिषदेतल्या एक प्रमुख ल्युक्रेशिया मॉट तिथे जाण्याआधी, १८४८ च्याच उन्हाळ्यात, सेनेका आदिवासींच्या वस्तीत जाऊन आल्या होत्या. त्या समाजात सरदार निवडण्यात आणि काढून टाकण्यात बायकांचा शब्द चालायचा.

मराठी वाचकाला अमेरिकेची ही हकिकत काही नवीन नव्हती. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, देशभर हिंडल्या, आणि १८८९ मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' छापून आलं. तिथल्या बायकांच्या सभा, संस्था आणि चळवळी यांबद्दल त्यात भरभरून आहे. पुण्या-मुंबईच्या वाड्यांत ते वाचलं गेलं असेल. त्याच वर्षी शंभर मैलांवरच्या वारलीपाड्यावर काय चाललं होतं, हे मात्र त्या वाड्यांतल्या कुणाच्या गावीही नव्हतं.

तिथे पोचायला आणखी पन्नासेक वर्षं गेली, आणि पोचली तीही पुण्याचीच मुलगी. गोदावरी गोखले, जन्म १९०७. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. भारत सेवक समाजात त्या आल्या, मुंबईत घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना बांधली, १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न केलं आणि दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्यांच्याबरोबर काही वारली तिथे आले. त्यांनी वेठीची हकिकत मांडली. त्यानंतर परुळेकर पतिपत्नी या भागात आले ते इथलेच झाले. शिकल्यासवरल्या शहरी बाईने झोपडीत राहायचं, वारल्यांबरोबर नाचणी-अंबील खायची, रात्र रात्र चालायचं, हे पाड्यांवर कुणी पाहिलेलं नव्हतं. लोक त्यांना गोदाराणी म्हणू लागले.

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी सभा झाली. तलासरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होती. स्वतंत्र तालुका झाला तो राज्याची वाटणी होऊन उंबरगाव गुजरातेत गेल्यावर. झरीला पाचेक हजार माणसं जमली. वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे घेतल्याशिवाय कामाला जायचं नाही, मार खायचा नाही, असं तिथे ठरलं. सेनेका फॉल्ससारखा जाहीरनामा इथे लिहिला गेला नाही. लिहिता येणारे होते तरी किती? ठराव तोंडी झाला आणि तोंडीच पाड्यापाड्यांवर पोचला. पाठोपाठ कार्यकर्ते लाल बावटा घेऊन जमीनदारांच्या दारांत जाऊ लागले आणि लग्नगडी मोकळे करू लागले.

लग्नगडी मोकळा झाला की त्याची बायकोही सुटत होती. स्त्रीमुक्तीच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रसंग मला स्त्रीमुक्तीचा म्हणून नोंदलेला दिसला नाही. त्याची गणती शेतमजुरांच्या लढ्यात होते. पण ओट्यावरच्या मालकाला 'आता माझी बायको तुझ्या गोठ्यात येणार नाही' असं सांगता येणं, आणि उद्या तिला स्वतःलाच ते सांगता येणं, याहून मोठा हक्क त्या वर्षी त्या मुलखात दुसरा कोणता होता?

पुढचा इतिहास रक्ताचा आहे. गवत कापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी घेऊन १९४५ च्या पावसाळ्यानंतर संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा इथे गोळीबार झाला. सभा आहे आणि गोदाराणी येणार आहेत अशी आवई उठवून लोकांना गोळा केलं होतं, आणि त्या आल्याच नव्हत्या. जेठ्या गांगड आणि आणखी चारजण गेले. पुढच्या वर्षी जंगलकामाला रोजचा सव्वा रुपया मिळावा म्हणून पुन्हा संप झाला. ठेकेदारांना वाटाघाटीला यावं लागलं. जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळ्या चालल्या. गोदावरीबाईंना जिल्ह्यातून तडीपार केलं होतं. हे सगळं त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. ते १९७० मध्ये आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

गवताच्या मागणीकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. पाचशे पौंडांचा भाव गवताला होता, माणसाला नव्हता. नवराबायको मिळून कापायचे, ती भारे बांधायची, डोक्यावरून वाहायची. वजन दोघांचं, पैसे एकाच्या हातात. रोज ठरला की निदान 'बाईचा रोज किती' हा प्रश्न तोंडावर येतो. उक्त्या कामात तो येतच नाही, कारण बाईचं काम जोडीत विरघळून जातं. रोजगार हमीच्या कामांवर बाईला आणि बाप्याला एकच दर लागू झाला, समान वेतनाचा केंद्राचा कायदा १९७६ मध्ये आला, ही मोठीच पायरी. पण दिवाळी झाली की डहाणू-तलासरीतली, जव्हार-मोखाड्याची कुटुंबं आजही भिवंडी, वसई आणि गुजरातकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि तिथला हिशेब हजार विटांवर असतो. सणाच्या तोंडावर ठेकेदार बयाणा देतो. तो घेतो नवरा. पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो तेव्हा उभा राहतो तोही नवराच. चिखल तुडवणारी, साच्यात माती भरणारी, पोर पाठीशी बांधून विटा उलटणारी बाई त्या वहीत कुठेच नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली. बयाणा मात्र सणासुदीला बिनबोभाट येतो. लग्नगड्याच्या जोडीचा हा जवळचा नातलग आहे, एवढं म्हणायला हरकत नाही.

झरीची सभा झाली त्याच १९४५ साली डहाणू तालुक्यात आणखी दोन बायका आल्या. किनाऱ्यावरच्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई लग्न मोडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांच्या आत विधवा झालेल्या. पुढे दहा-बारा वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलगी शाळेत का येत नाही, याचं उत्तर त्यांना पाड्यावर हिंडून सापडलं. तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. आई मजुरीला, आणि आठ वर्षांची पोर आईच्या जागी. मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा आणली, तिला विकासवाडी म्हटलं. पोरगी येताना भावाला पाळण्यात ठेवायची आणि स्वतः पाटीवर बसायची. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षिकाच कुरणात जायच्या. साधी गोष्ट आहे, पण मुलींच्या शिक्षणावर झालेल्या कित्येक परिषदांना ती सुचलेली नव्हती. कोसबाडच्या ताराबाई-अनुताई आणि तलासरीच्या गोदावरीबाई एकमेकींपासून थोड्याच मैलांवर काम करत होत्या, वेगळ्या विचारांच्या होत्या, आणि आपल्याकडचे लेखकही त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात.

मताचं काय? अमेरिकेत बाईला मत मिळायला सेनेका फॉल्सनंतर ७२ वर्षं लागली. १९२० साली घटनेची एकोणिसावी दुरुस्ती झाली. ती सगळ्यांना लागू झाली असंही नाही. तिथल्या आदिवासींना नागरिकत्वच १९२४ मध्ये मिळालं, आणि अॅरिझोना, न्यू मेक्सिको या राज्यांत त्यांना मतदानाची वाट मोकळी झाली १९४८ मध्ये. वारली बाईने मात्र पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, मत दिलं. तिच्यासाठी अमेरिकेतल्यासारखं कुणी व्हाइट हाउसच्या दारात उभं राहिलं नव्हतं. एकट्या तिच्यासाठी वेगळा लढा झाला नाही. घटनेने सगळ्यांना एकदम दिलं. पुढे १९९३ पासून पंचायतीत तिसरा हिस्सा जागा, २०११ च्या कायद्याने महाराष्ट्रात निम्म्या. पेसा कायद्यामुळे या भागातल्या ग्रामसभेला जंगल-पाण्यावर बोलण्याचा अधिकार. कागदावर पाहिलं तर तलासरीची बाई राजकीय हक्कांत अमेरिकेच्या बाईपेक्षा काकणभर पुढेच आहे. तिथे स्त्री-पुरुष समतेची दुरुस्ती अॅलिस पॉल यांनी १९२३ मध्ये मांडली, काँग्रेसने १९७२ मध्ये मंजूर केली, ३८ राज्यांची संमती हवी होती, ३५ वर गाडी अडली आणि १९८२ मध्ये मुदत संपली. तीन राज्यांनी मागाहून होकार दिला, पण घटनेत ती अजून छापली गेलेली नाही. आपल्या घटनेत चौदावं आणि पंधरावं कलम पहिल्या दिवसापासून आहे.

मग उणं कुठे आहे? सातबाऱ्यात.

न्यूयॉर्क राज्याने लग्न झालेल्या बाईला मालमत्तेचा हक्क दिला तो एप्रिल १८४८ मध्ये, सेनेका फॉल्सच्या तीन महिने आधी. तिथे माती आधी आली, मत नंतर. इथे उलट झालं. कूळकायद्याने १९५७ च्या १ एप्रिलला कसणारा मालक झाला. कसणाऱ्यात बाई होतीच, पण 'कूळ' म्हणून नाव लागलं ते घरातल्या बाप्याचं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या दुसऱ्या कलमाची दुसरी ओळ सांगते की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, तेव्हा वाणगावच्या वाडीवाल्याच्या मुलीला तो मिळाला. त्याच वाडीत चिकू उतरवणाऱ्या वारली बाईला नाही. तिचा वाटा रिवाजावर, आणि रिवाज काय हे सांगणार जमातीतले पुरुष.

हे कलम वाईट हेतूने घातलेलं नव्हतं. आदिवासींवर हिंदू कायदा लादू नये, त्यांच्या जमिनी बाहेरच्यांच्या हातात जाऊ नयेत, हा विचार होता, आणि आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. मुलीला जमीन दिली आणि तिने जमातीबाहेर लग्न केलं तर काय, असं पाड्यावरची शहाणी माणसंही विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये यासाठी महसूल कायद्यात वेगळी तरतूद आहेच. तेवढ्यासाठी लेकीचा वाटा मारायची गरज नाही. आणि मुलाने ताडीच्या नादात जमीन गहाण टाकली तर मुलांना वाटा नको, असं कुणी म्हणत नाही.

शिवाय रिवाज म्हणजे काय, याचं उत्तर वारल्यांच्याच लग्नात बघावं. भगत आपली पूजा करतो, पण लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. तिच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. त्याआधी सवासिणी कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने चौकटीत पालघट देवी काढतात. पुरोहितपण बाईकडे आणि चित्र बाईकडे, असं किती समाजांत आहे? बाई नवरा सोडून दुसरं घर करू शकते, विधवेला लग्नाची आडकाठी नाही, हेही याच रिवाजात. अनुताईंना विधवा म्हणून जे सोसावं लागलं ते वारली पाड्यावर सोसावं लागलं नसतं. दुसऱ्या बाजूला त्याच पाड्यावर एखाद्या एकट्या बाईला भुताळी ठरवून हाकललंही गेलं आहे. रिवाज दोन्ही आहे. त्यातला कोणता पुढे आणायचा, हे माणसं ठरवतात.

भिंतीवरच्या चित्राचंही असंच झालं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे जगाला कळले. त्यांचं मोठेपण निर्विवाद आहे. लग्नचौकाबाहेरचं अख्खं जग त्यांनी चित्रात आणलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण कला भिंतीवर होती, फुकट होती, तोवर ती सवासिणींची होती. कागदावर आली, तिला किंमत आली, तशी ती मुख्यतः पुरुषांची झाली. आता मुली पुन्हा रंगवू लागल्या आहेत. म्हसे यांना दोष देण्यात अर्थ नाही. पैसा आला की वस्तू कुणाच्या नावावर चढते, याचा हा सातबाऱ्याबाहेरचा दाखला म्हणून मांडला.

अलीकडच्या काळात एका कायद्याने मात्र ही गाठ थोडी सैल केली आहे. वनहक्क कायदा, २००६. शामराव-गोदावरींच्या काळापासून वनखात्याच्या जमिनीवर 'प्लॉट' कसणाऱ्यांना दंड, जप्ती, मार खावा लागत होता. त्यासाठी लाल बावट्याने, पुढे कष्टकरी संघटनेने या तालुक्यांत वर्षानुवर्षं लढे दिले. या कायद्याच्या चौथ्या कलमात एक छोटं वाक्य आहे: लग्न झालेल्यांच्या बाबतीत पट्टा नवराबायको दोघांच्या नावे द्यायचा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यात, ग्रामसभेच्या गणसंख्येत एक तृतीयांश बायका हव्यात, असंही नियम सांगतात. शेतकरी संघटनेने चांदवडला १९८६ मध्ये बायकांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा बायकोच्या नावे जमीन करणं हा नवऱ्याचा मोठेपणा होता. वनपट्ट्यावर तिचं नाव लागतं ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या मोर्चात ज्या आदिवासी बायांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, त्यांच्या मागण्यांत हेच पट्टे वरच्या क्रमांकावर होते. मुंबईकरांनी पाणी दिलं, चपला दिल्या, कौतुक केलं. त्या कोणत्या कागदासाठी चालत आल्या होत्या, हे थोडक्यांनीच विचारलं.

पट्टा विकता येत नाही, वारसाने मात्र जातो. वारस कोण? इथे गाडी पुन्हा १९५६ च्या त्या ओळीपाशी येते. बायकोचं नाव आहे, ती हयात आहे तोवर ठीक. तिच्यामागे मुलगी की मुलगा, हे पुन्हा रिवाजाने. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मधु किश्वर यांच्या खटल्यात आदिवासी बायकांच्या पोटापाण्याचा हक्क मानला, पण रिवाजाला हात लावला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की आदिवासी मुलीला वारसा नाकारण्याचं कारण दिसत नाही, केंद्राने कायद्यात बदल करण्याचा विचार करावा. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं: मुलीला वगळणारा रिवाज आहे हे सिद्ध झालेलं नसताना केवळ बाई म्हणून वाटा नाकारणं समतेच्या कलमाविरुद्ध आहे. रिवाज सिद्ध करण्याचं ओझं या निकालाने वगळणाऱ्याकडे सरकवलं. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्यांनी हा निकाल हाताशी ठेवावा.

केंद्राला यासाठी संसदेत विधेयकही आणावं लागत नाही. कलमातच अधिसूचनेची सोय आहे. ती एका जमातीपुरती काढता येईल, जमातीच्या ग्रामसभांना विचारून काढता येईल, जमातीबाहेर जमीन जाणार नाही अशी अट घालून काढता येईल. १९५६ पासून वारल्यांच्या लेकींसाठी ती निघालेली नाही. आणि डहाणूतून किंवा तलासरीतून निवडून गेलेल्या कुणीही, कोणत्याही पक्षाचा असो, ती मागण्यासाठी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.